मूळ प्रत पुण्यात आहे

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सोळा केवायसीच्या टेबलावर. २००२ साली रिझर्व्ह बँकेनं ‘आपला ग्राहक ओळखा’ असं फर्मान काढलं, तेव्हा शाखेतल्या बाकीच्यांनी कपाळाला हात लावला होता. मला मात्र आपण जन्माला कशासाठी आलो ते कळल्यासारखं झालं. माणूस ओळखणं हे भल्याभल्यांना जमत नाही. मी ते दोन झेरॉक्स आणि एका शिक्क्यात उरकत असे. शिक्क्यावर ‘ओरिजिनल सीन अँड व्हेरिफाइड’. आमच्या भाषेत ‘ओएसव्ही मारणं’. शिक्का मारताना मनगटाला जो झटका देतात तो मला इतका साधला होता, की नवीन पोरं तो बघायला टेबलाशी थांबत.

मूळ प्रत पाहिल्याशिवाय मी कधी शिक्का मारला नाही. एक आजोबा पेन्शनचं खातं उघडायला चारदा आले होते. रेशनकार्डावर ‘रामचंदर’ आणि मतदार ओळखपत्रावर ‘रामचंद्र’. चौथ्या खेपेला ते म्हणाले, “साहेब, माणूस तर तोच आहे की हो, तुमच्यापुढं बसलाय.” मी म्हणालो, “आजोबा, तुम्ही बसलाय ते मला दिसतंय. कागदावर बसलं पाहिजे.” त्या दिवशी घरी येऊन हे वाक्य मी जेवताना दोनदा सांगितलं. कुणी हसलं नाही, पण मला ते आवडलं होतं.

ह्या कथेत आजोबांचा पुन्हा उल्लेख येणार नाही. पण ते सगळीकडे आहेत असं समजून वाचावं.

माझं स्वतःचं नाव दत्तात्रय. हे नाव ठेवताना वडिलांनी देवाचा विचार केला, इंग्रजीचा केला नाही. शाळेच्या दाखल्यावर मधे कुठेतरी ‘ई’ आहे. पॅनवर शेवटच्या ‘वाय’पुढे एक ‘ए’ आहे. आधारवर तो ‘ए’ गळला आहे. घरात मी दत्तू, आणि सासूबाईंचा दत्तोपंत. दुसऱ्या कुणी असे तीन तऱ्हांचे कागद टेबलावर ठेवले असते तर मी त्याला वर्षभर हिंडवला असता. स्वतःच्या बाबतीत मी त्याला ‘किरकोळ तफावत’ म्हणत आलो.

निवृत्तीनंतर ह्या शिस्तीला टेबल उरलं नाही, म्हणून मी फाईल केली. निळी, चेनची, आत प्लास्टिकचे चाळीस कप्पे. कागदांचे दोन वर्ग पाडले : वापरातले आणि ठेवणीतले. पैठणी जशी भाजी आणायला नेसत नाहीत, तसे काही कागद घराबाहेर काढायचे नसतात असं माझं ठाम मत. आधार, पॅन, लायसन, पासबुक, पेन्शनचं कार्ड हे वापरातले, ते फाईलमध्ये. मतदार ओळखपत्र आणि पासपोर्ट हे ठेवणीतले, ते लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात. आणि फाईलमध्ये त्यांच्या रंगीत झेरॉक्स, लॅमिनेट करून. प्रत्येक झेरॉक्सवर खाली माझी सही : ‘मूळ प्रतीबरहुकूम.’ म्हणजे मी दत्तात्रय आहे हे मी दत्तात्रयनं प्रमाणित केलेलं.

तर, सासूबाईंना पशुपतिनाथ बघायचा होता. वय ब्याऐंशी, गुडघे साठीतच संपलेले, पण इच्छा ताजी. नातू बारा वर्षांचा, त्याला सुट्टी. ही, मी, सासूबाई आणि नातू अशी चौघांची काठमांडूची सहल ठरली. निघायच्या आदल्या आठवड्यात हिनं विचारलं, “अहो, पासपोर्ट घ्यायचे ना?”

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. मी तिला बसवून १९५० चा भारत-नेपाळ मैत्री करार सांगितला. दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची, फिरायची, धंदा करायची मुभा कशी आहे, व्हिसा कसा लागत नाही, पासपोर्टचीही कशी सक्ती नाही. “नेपाळ म्हणजे परदेश नव्हे, शेजार,” असं मी म्हणालो. “शेजारी जाताना दाराला कुलूप लावतो, कागद नेत नाही.”

“मग काय न्यायचं?”

“आधार. आणि मी.”

करार खरा होता. पासपोर्टची सक्ती नाही हेही खरं होतं. फक्त विमानानं जाताना पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र लागतं, हा त्या वाक्याचा उत्तरार्ध होता, आणि मी पूर्वार्धावरच भाषण संपवलं होतं. ग्राहकांना मी कायम सांगत असे, फॉर्मची मागची बाजू वाचा.

तिकिटं मी काढली. पुणे-दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली-काठमांडू दुसरीचं, कारण एकत्र काढली असती तर माणशी सव्वादोनशे रुपये जास्त पडत होते. चौघांचे नऊशे वाचले हे मी डायरीत लिहून ठेवलं. एकत्र असती तर पुण्यातल्याच काउंटरवर कुणीतरी कागद विचारले असते आणि कपाट अर्ध्या तासावर होतं, हे डायरीत नाही.

लोहगावला मी जे केलं ते खरं तर सांगू नये. पण एवढं सांगितलंच आहे तर तेही घ्या. देशांतर्गत विमानाला ओळख म्हणून कोणते कागद चालतात त्याची दहा प्रकारांची सरकारी यादी आहे. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, लायसन, नोकरीचं ओळखपत्र, विद्यार्थ्यांचं, पेन्शनचं, अपंगत्वाचं. आणि ह्या सगळ्यांच्या गर्दीत, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं पासबुक! बँकेच्या पासबुकावर माणूस विमानात बसू शकतो, ही गोष्ट मला निवृत्तीच्या सत्कारापेक्षा मोठी वाटली होती. आयुष्यभर आपण विमानाचीच तिकिटं लिहीत होतो की काय! ती संधी मी सोडणार नव्हतो.

हिचा चेहरा मुलीनं डिजियात्रावर नोंदवून दिला होता. ही यंत्रापुढे उभी राहिली, फाटक उघडलं, गेली. मला ते मान्य नाही. चेहऱ्याची झेरॉक्स निघत नाही. मी सासूबाईंची चाकाची खुर्ची आणि नातवाला घेऊन माणसांच्या रांगेत उभा राहिलो आणि सीआयएसएफच्या जवानापुढे पासबुक ठेवलं.

त्यानं ते उलटसुलट केलं. “आधार नहीं है?”

“है,” मी म्हणालो. “लेकिन ये भी चलता है.”

“तो आधार दिखाइए ना.”

“क्यों? ये लिस्ट में है.”

मागे रांग वाढली. कुणीतरी “काका, दाखवा ना आधार” असं अत्यंत पुणेरी नम्रतेनं म्हणालं, म्हणजे ‘काका’वर जोर देऊन. जवानानं साहेबाला बोलावलं. साहेबानं पासबुकातला फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि बहुधा शिल्लकही पाहिली. “हाँ, चलता है,” तो म्हणाला. बारा मिनिटं गेली होती. मी रांगेकडे वळून बघितलं. कुणाच्याच तोंडावर कौतुक नव्हतं. नातू आजीच्या आईच्या खुर्चीमागे लपला होता.

दिल्लीत पहाटे उतरलो. सामान घेऊन बाहेर, चहा, पुन्हा आत. आंतरराष्ट्रीय काउंटरवर एक हसरी मुलगी. मी चौघांची आधारकार्डं पत्त्याच्या पानांसारखी पसरली.

“सर, पासपोर्ट ऑर व्होटर आयडी?”

“आधार,” मी बोट दाखवलं.

“सर, काठमांडू के लिए आधार नहीं चलेगा.”

“भारत सरकारनं दिलंय,” मी मराठीतच म्हणालो. राग आला की माझी हिंदी आधी जाते.

तिला कळलं. “जी सर,” ती तितक्याच गोडपणे म्हणाली, “भारत के लिए.”

मग तिनं सासूबाईंचं आधार उचललं, जन्मसाल बघितलं, आणि “माताजी का हो जाएगा” म्हणाली. नातवाचंही उचललं. “बच्चे का भी.” नेपाळ आणि भूतानसाठी पासष्टीच्या पुढच्यांना आणि पंधराच्या आतल्यांना आधार चालतं, २०१९ च्या जानेवारीत गृहमंत्रालयानं तशी सोय केली आहे. मधल्या वयाच्यांसाठी नाही. म्हणजे ज्यांना स्वतःला धड चालता येत नाही त्या, आणि ज्याला रस्ता एकट्यानं ओलांडू देत नाही तो, हे दोघं परदेशी जायला पात्र. आणि त्यांना सांभाळून नेणारा मी अपात्र.

“मी सीनियर सिटिझन आहे,” मी म्हणालो. “एकसष्ट पूर्ण.” बँक मला साठीलाच ज्येष्ठ मानून ठेवीवर अर्धा टक्का जास्त देते. पण एसटी अर्ध्या तिकिटाला पासष्टीच धरते, आणि नेपाळच्या बाबतीत सरकार एसटीच्या बाजूचं निघालं. मी चार वर्षांनी लहान पडत होतो. इतकं तरुण असल्याचं दुःख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

“आणि पंधरा ते अठरा?” नातवानं विचारलं. त्याला नियमांची गोडी आहे. कुणावर गेलाय ते सांगायला नको.

“उनको स्कूल के प्रिन्सिपल का सर्टिफिकेट चलता है, बेटा.”

नातू माझ्याकडे वळला. “आबा, तुमचे हेडमास्तर आहेत का अजून?”

आता हिची पाळी. मी तिच्याकडे बघून मान हलवली. म्हणजे आपण दोघं एका बोटीत, असं. हिनं पर्स उघडली. हळदीकुंकवाची पुडी, लवंगांची डबी, सुट्टे पैसे, आणि त्यांच्या खालून मतदार ओळखपत्र. मूळ. विधानसभेच्या मतदानाला गेली होती तेव्हापासून पर्समध्येच राहिलं होतं, जागेवर ठेवायचं विसरली होती. किती वेळा मी तिला सांगितलंय, कागद काम झालं की जागेवर ठेवावेत.

मी फाईल उघडली. मतदार ओळखपत्राची रंगीत, लॅमिनेट केलेली प्रत कप्प्यातून काढून अत्यंत आत्मविश्वासानं दिली. मुलीनं ती दोन बोटांनी धरली.

“सर, ये तो झेरॉक्स है.”

हे वाक्य मी नक्की किती वेळा म्हटलं असेन? दिवसाला दहा धरले, तरी सोळा वर्षांत हिशेब हजारांत जातो. ते ऐकताना पोटात कसं होतं, हे मात्र मला पहिल्यांदाच कळत होतं. मी तोंडातून जे वाक्य काढलं, तेही माझ्या ओळखीचं होतं. समोरच्या बाजूनं ऐकलेलं.

“मॅडम, माणूस तर तोच आहे ना. तुमच्यापुढे उभा आहे.”

तिनं मान तिरपी केली आणि हसली. मी तरी इतकं छान हसत नसे. “ओरिजिनल, सर?”

“पुण्यात आहे.”

सुपरवायझर आला. मी पॅन दाखवलं, लायसन दाखवलं, पेन्शनचं कार्ड दाखवलं, आणि शेवटी, लाज सोडून, पासबुक दाखवलं. तो म्हणाला, “सर, आपके पास तो सब कुछ है.” मागून एका टॅक्सीवाल्यासारख्या दिसणाऱ्या गृहस्थानं गोरखपूर-सोनौली मार्गे रस्त्यानं जायचा सल्ला दिला. तिकडे इतकं कुणी विचारत नाही म्हणे. मी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं मला खोट्या सहीचा चेक वटवायला सांगितलाय.

सासूबाई इतका वेळ खुर्चीत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “दत्तोपंत, तुम्ही येऊ नका. तुम्हाला दगदग होईल.”

चौघांचे पैसे भरलेले, परतीची तिकिटं ठरलेली, हॉटेल ठरलेलं. दहा मिनिटांत निर्णय झाला आणि त्यात माझं मत विचारलं गेलं नाही. ही म्हणाली, “आईचं आता नाही तर कधी होणार?” आणि मग, थोड्या वेळानं, “तुम्ही आहात ना तसे सगळं नीट करणारे.” हे सांत्वन होतं की काय, ते मी अजून ठरवतो आहे. तिघं इमिग्रेशनच्या काचेपलीकडे गेले. खुर्ची ढकलणारा मुलगा, सासूबाई, नातू आणि मागे पर्स सावरत ही. नातवानं वळून हात केला. फाईल काखेत असल्यानं मला नीट करता आला नाही.

विमानतळात शिरणं अवघड असतं असं लोक म्हणतात. न उडता बाहेर पडून बघा. निर्गमनाच्या दारातून उलटं बाहेर जाणारा माणूस संशयित असतो. तो बाहेर का चालला आहे याला कारण लागतं. विमान कंपनीचा एक मुलगा मला दाराशी घेऊन आला. जवानानं जाडजूड वही उघडली. नाव. मी सांगितलं. त्यानं स्वतःच्या मनानं चौथं स्पेलिंग केलं. फ्लाइट नंबर. मग ‘कारण’ असा रकाना. त्यानं त्या मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, “डॉक्युमेंट नहीं है.”

जवानानं माझ्या काखेतल्या फाईलकडे बघितलं. चांगली जाड होती. मग काही न बोलता त्यानं तेच लिहिलं. “साइन कीजिए.” आयुष्यातल्या सगळ्या सह्यांत ही माझी सर्वांत सुवाच्य सही असावी.

अजूनही एक आशा होती. सहल चार दिवसांची. पासपोर्ट कुणी दिल्लीला धाडला तर दुसऱ्या दिवशीच्या विमानानं जाता येईल. शेजाऱ्यांकडे घराची किल्ली असते. कपाटाची मात्र माझ्याकडे, फाईलच्या शेवटच्या कप्प्यात, ‘किल्ली’ असं लेबल लावून. चावीवाला आणावा लागला. शेजाऱ्यांनी व्हिडिओ कॉल लावला, आणि मी दिल्लीच्या विमानतळाबाहेर बाकावर बसून माझं कपाट फोडताना बघितलं. चावीवाला, शेजारी, शेजारीण, वरच्या मजल्यावरचे दोघं आणि वॉचमन. चोरकप्पा उघडला. त्यातून आधी माझी पाचवीची प्रगतीपुस्तकं निघाली. शेजाऱ्यांनी गणिताचे गुण मोठ्यानं वाचले. मग पासपोर्ट.

“सापडला!” शेजारी म्हणाले. पानं उलटण्याचा आवाज. कोरी करकरीत. २०१४ साली मुलाच्या पदवीदानाला परदेशी जायचं म्हणून काढला होता, आणि जाणं राहून गेलं. एवढ्या वर्षांत एकही शिक्का नाही. ठेवणीतला होता ना. आणि मग शेजारी बराच वेळ गप्प झाले.

“दत्तूभाऊ,” ते म्हणाले, “हा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो का हो?”

बऱ्याच देशांना तर मुदतीचे सहा महिने शिल्लक लागतात, हे मी सोसायटीत सगळ्यांना सांगत असे. माझ्या पासपोर्टचं वजाबाकीत चाललं होतं.

“आणि मतदान कार्डही आहे हो इथे,” वॉचमन म्हणाला. “एकदम चकाचक.” त्यानं ते कॅमेऱ्यापुढे धरलं. मी मूळ प्रत पाहिली. नीट, दोन्ही बाजूंनी. कुरिअरला दोन दिवस, आज गुरुवार, हे तिघं रविवारी परत येणार. बेरीज करायला बोटं लागली नाहीत.

चावीवाल्यानं सहाशे घेतले. नऊशेतले तीनशे अजून फायद्यात होतो. मग माझं पुण्याचं विमानाचं तिकीट काढलं.

परतीच्या दाराशी जवानानं कागद मागितला. मी आधार दिलं. काही बोललो नाही.

संध्याकाळी काठमांडूहून फोन आला. ही सांगत होती की तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. “म्हणजे आम्ही तुमच्या पुढे आहोत,” मागून नातू ओरडला. ह्याच्यावर उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दर्शनाचे फोटो आले, म्हणजे बाहेरचे. बागमतीच्या काठावरचे, खुर्चीत सासूबाई आणि अंगावर नवी शाल. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी असं होतं की मी फोटो मोठा करून बघितला. रागावायला जागा शोधत होतो, सापडली नाही.

रविवारी लोहगावला आणायला गेलो. आत सोडत नाहीत, बाहेर कठड्याशी उभा राहिलो. सासूबाईंची खुर्ची आधी आली. त्यांनी पिशवीतून प्रसाद काढला, रुद्राक्ष काढला, आणि एक घडी केलेली पावती. “तुमच्या नावानं अभिषेक केला हो, दत्तोपंत. तुम्ही नव्हतात ना.”

पावती देवनागरीत होती. नेपाळीची लिपी आपलीच. नावाच्या जागी सुबक अक्षरात : दत्तात्रेय. ‘त्रे’ला मात्रा. मी गोंधळलो. ही म्हणाली, “मी दत्तात्रयच सांगितलं होतं हो. तिथल्या गुरुजींनी ऐकलं आणि दत्तात्रेय लिही म्हणून सांगितलं.” पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी पिढ्यानपिढ्या कर्नाटकातले भट्ट. गाणगापूर ज्यांच्या मुलखात आहे त्यांच्याकडून दत्ताचं नाव कसं चुकेल? एकसष्ट वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं नाव शुद्ध लिहिलं होतं.

गाडीत बसल्यावर मी फाईलमधून आधार काढलं आणि पावतीशेजारी धरलं.

“काय बघताय?” हिनं विचारलं.

“जुळत नाही,” मी म्हणालो.